जुनी स्पोर्ट्स कार घरी आणलीत? पहिल्या महिन्यातली कामं या क्रमानं करा

गाडी शनिवारी घरी येते. रविवारी सकाळी नवा मालक उत्साहानं एअर फिल्टर बदलतो, प्लग बदलतो, ऑइल बदलतो, बॅटरी काढून नवी बसवतो. संध्याकाळी गाडी उसळ्या खात चालू लागते आणि या चारपैकी कोणत्या कामानं बिघाड झाला ते कुणालाच सांगता येत नाही. वडोदऱ्यात माझ्या ओळखीतल्या चार जणांचं अगदी असंच झालं. कामं चौघांनीही मनापासून केली होती. चुकला होता तो क्रम.

हे मार्गदर्शन पंधरा-वीस वर्षं जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या दोन दारांच्या गाड्यांसाठी आहे. ऑडी टीटी, मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड४, पोर्श बॉक्स्टर या जातकुळीच्या. नियम एकच: एका दिवशी एक काम, त्यानंतर वीस किलोमीटर चालवून बघणं, आणि मगच पुढचं काम. आधी गाडी थांबायला हवी, मग चालायला हवी, मग चमकायला हवी. सायलेन्सर, अलॉय, नवा स्टिरिओ हे सगळं महिनाभर डोक्यातून काढून टाका.

तयारी: पाना हातात घेण्याआधी

कागदांपासून सुरुवात करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. आरसीवरची मुदत आजच बघा. ती दोन महिन्यांत संपत असेल, तर ब्रेक, दिवे आणि टायर यांची कामं तशीही आधी येतात.

मग गाडीत या चार गोष्टी शोधा: दुसरी चावी, स्टिरिओचा कोड, ओनर्स मॅन्युअल आणि चाकांच्या लॉक नटाची चावी. शेवटची ही चावी बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा असते. ती डिकीत स्टेपनीच्या खोबणीत किंवा हत्यारांच्या पिशवीत सापडते. ती नसेल तर एकही चाक निघणार नाही, म्हणून विकणाऱ्याचा फोन लागतोय तोवरच मागून घ्या.

सुटे भाग सतरा अक्षर-आकड्यांच्या चॅसी नंबरवरूनच मागवा. मॉडेलचं नाव आणि साल सांगून मागवलेलं फिल्टर बसेलच असं नाही, कारण एकाच वर्षात दोन वेगळी इंजिनं आलेली असतात. हे भाग वडोदऱ्यात दुकानात क्वचित मिळतात. बाहेरून यायला आठ दिवसही लागतात आणि महिनाही. पार्ट हातात आल्याशिवाय काहीही उघडू नका. अर्धी उघडलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन आठवडे उभी राहिली की बोल्ट हरवतात, नळ्यांच्या तोंडांत धूळ जाते आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

हत्यारांत पैसे वाचवू नका, पण सगळं एकदम घेऊही नका. बुटका ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), सॉकेटचा चांगला सेट, मल्टिमीटर, साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), हातमोजे, नरसाळं, एक जुनी परात आणि भरपूर चिंध्या एवढ्यात पहिला महिना निघतो. युरोपियन गाड्यांत एक फसवणारी गोष्ट असते. सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या तोंडाचा टॉर्क्स बोल्ट आणि बारा टोकांचा एक्सझेडएन बोल्ट वरवर सारखेच दिसतात. चुकीचा बिट घालून जोर लावला की तोंड गोल होतं, आणि दहा मिनिटांचं काम वेल्डिंगवाल्यापर्यंत जातं. बोल्टाचं तोंड आधी ब्रशनं साफ करा, टोकं मोजा, मगच बिट घाला.

जागा सपाट आणि टणक हवी. दांडिया बाजारात आमच्या वाड्यासमोरची गल्ली अरुंद आणि उताराची आहे, तिथे मी गाडी कधीच उचलत नाही. मकरपुरा जीआयडीसीत मित्राची शेड आहे, तिथल्या सिमेंटच्या कोब्यावर काम करतो. अशी जागा नसेल तर पेव्हर ब्लॉकवर जाड प्लायवूड टाका. मे महिन्यात उन्हानं मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, ते टाळाच.

१. काहीही न उघडता पाहणी

आपल्या शहरात हे पहिलं काम सोडून चालत नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, आणि अकोटा, सयाजीगंज, फतेहगंज, समा या भागांत असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आलेल्या असणार. तुम्ही घेतलेली गाडी त्यांतली आहे का, हे तुम्हालाच शोधायचं आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर चिखलाची रेघ किंवा डाग दिसला तर सावध व्हा. सीटखालचे रूळ गंजलेत का, गालिच्याखालचा फोम दाबल्यावर ओला लागतो का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हे बघा. वायरिंगचा एखादा कनेक्टर सोडवून आतल्या पिना पाहा. हिरवट पूड दिसली तर पाणी तिथवर पोचलेलं आहे. अशा गाडीत पुढचे टप्पे करायचेच, पण आठव्या टप्प्याला दुप्पट वेळ धरा आणि गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा डबा) यांचं ऑइल सगळ्यात आधी काढून पाहा. दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल म्हणजे आत पाणी.

आता ओबीडी स्कॅनर लावा. दिसणारे सगळे कोड वहीत उतरवून घ्या, पण पुसू नका. त्याच स्कॅनरवर ‘रेडीनेस’ नावाचं पान असतं. गाडी स्वतःच्या तपासण्या पूर्ण करते तसे तिथले रकाने ‘पूर्ण’ होत जातात. बहुतेक रकाने ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर अलीकडेच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. विकण्याच्या आदल्या दिवशी इंजिनचा दिवा असाच घालवला जातो. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा बघा, जे दडवलं होतं ते परत येतं.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर मेलेलं, असे टायर हमखास मिळतात. सहा वर्षांपुढचा टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांपुढचा टायर कितीही छान दिसला तरी काढा. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, ते पुढे-मागे अदलाबदल करता येत नाहीत.

तपासणी: वहीत कोड, टायरची तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक ऑइलची आजची पातळी लिहिली का? हे नसेल तर पुढे जाऊ नका.

२. गाडी उचलणं

या गाड्या इतक्या बुटक्या असतात की साधा जॅक खाली जातच नाही. दोन जाड फळ्या टाकून पुढची चाकं त्यांवर चढवा, म्हणजे जॅक सरकवायला जागा मिळते. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये चित्रासह असतं. उंबऱ्याखालच्या, म्हणजे दारांखालच्या कडेच्या, पत्र्यावर कुठेही लावला तर पत्रा दुमडतो. जॅक आणि गाडी यांच्यामध्ये जाड रबराचा तुकडा ठेवा.

क्रम असा ठेवा: हँडब्रेक लावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, उचला, स्टँड लावा, जॅक हळूच उतरवून वजन स्टँडवर घ्या, मग उंबऱ्याजवळ हात टेकवून गाडी हलवून बघा. काढलेलं चाक उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा.

इशारा: विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. वीट तडकताना आधी आवाज करत नाही. घरात कोणीतरी असताना आणि तुम्ही खाली आहात हे त्यांना माहीत असतानाच काम करा.

३. ब्रेक

सगळ्यात जास्त चुका मी इथेच पाहिल्या, म्हणून इथे थांबू.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं. ओल धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पावागढचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की जुनं ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि नव्यानं घेतलेल्या गाडीत तर विकणारा काहीही म्हणाला तरी बदलायचं. मॅन्युअलमध्ये डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालतं. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यात कधीही घालायचं नाही. बाटली नवी, सीलबंद घ्या. गेल्या वर्षीची अर्धी बाटली टाकून द्या.

प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, तो निपल. आदल्या संध्याकाळी चारही निपलांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. वीस वर्षांचा निपल जोर लावला की मुळापासून तुटतो. सकाळी आधी सहा टोकांचा सॉकेट लावून सोडवा, उघड्या तोंडाचा पाना नंतर.

बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजनं काढून घ्या आणि नवं भरा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर (पॅडलचा जोर ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा पंप) बहुधा उजवीकडे असतो. त्यामुळे सगळ्यात लांबचं चाक म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. एक जण पॅडल हळू दाबून धरतो, दुसरा निपल अर्धा फेरा उघडतो आणि बंद करतो, मगच पॅडल सोडायचं. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हेच. दर आठ-दहा दाबांनंतर टाकी बघा. टाकी रिकामी होऊन हवा आत गेली की सगळं पहिल्यापासून, आणि काही एबीएस गाड्यांत ती हवा काढायला कंपनीचं स्कॅनर लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते पूर्ण जमिनीला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील फक्त सुरुवातीच्या भागात सरकतं. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि मळ असतो. पॅडल तळापर्यंत रेटलं की सील त्या खडबडीत भागावर घासून फाटतं. माझ्या पहिल्या गाडीत मी हेच केलं. ऑइल नवंकोरं झालं आणि दुसऱ्या दिवशी पॅडल हळूहळू आपोआप खाली जाऊ लागलं. घराजवळच कळलं म्हणून निभावलं.

रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. रंग सोलला जातो.

चाक काढलेलं आहे तोवर पॅडची जाडी पाहा. ३ मिलिमीटरच्या आसपास आलेला पॅड मागवून ठेवा. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी ताडून बघा.

तपासणी: इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत दाबा आणि मिनिटभर दाबून धरा. ते खाली सरकत असेल तर गाडी हलवू नका. टिकून राहिलं तर आवारातच पायी चालण्याच्या वेगानं चार वेळा ब्रेक लावून बघा, रस्ता त्यानंतर.

४. इंजिन ऑइल

डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-४०’ या आकड्यावर भागत नाही. गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक डब्याच्या मागे छापलेला असतो, तो मॅन्युअलशी जुळायला हवा. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा. उकळतं ऑइल हातावर नको. वरचं झाकण आधी उघडा, मग खालचा ड्रेन बोल्ट. बोल्टाखालचं वायसर दर वेळी नवं घाला आणि बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा, कारण ऑइल सम्प (इंजिनखालची ऑइल साठवणारी परात) ॲल्युमिनियमचा असेल तर आटे सहज जातात. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा. जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते डोळ्यांनी बघा. दोन रबरं एकावर एक बसली की चालू केल्याबरोबर सगळं ऑइल बाहेर येतं.

जुन्या फिल्टरचा कागद कापून, पसरून उन्हात धरा. अगदी बारीक चकाकी चालते. चुंबकाला चिकटणारे कण किंवा सोनेरी चकत्या दिसल्या तर गाडी उभी करून जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

जुनं ऑइल डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये त्याचा ड्रम ठेवलेला असतो तिथे द्या. गटारात ओतलेलं सगळं शेवटी विश्वामित्रीत जातं, आणि तिथे मगरी राहतात.

५. कूलंट

वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि रेसकोर्स सर्कलच्या सिग्नलला उभी गाडी तापली की कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, प्लास्टिकच्या टाकीला पहिला तडा जातो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. पूर्ण गार म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी.

कूलंटच्या रंगावर विसंबू नका. गुलाबी, निळा, हिरवा हे कंपन्यांचे स्वतःचे रंग आहेत. बाटलीवरचा प्रकार जुळायला हवा. दोन प्रकार एकत्र झाले की काही वेळा जेलीसारखा गाळ होतो आणि हीटरच्या बारीक नळ्या बंद होतात. आत काय भरलंय ते कळत नसेल तर सगळं काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं करा. बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचे क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा ठेवा. सरळ धार आली की बंद. इंजिन चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होईपर्यंत तापमानाच्या काट्यावरून नजर हटवू नका. काटा चढला आणि हीटरमधून मात्र गार हवा येत असेल तर आत हवा अडकली आहे, लगेच बंद करा.

सांडलेलं कूलंट गोडसर असतं आणि विषारी. गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात, तेव्हा जमीन धुऊन काढा.

६. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

इथे एकच वाक्य पाठ करा: आधी भरायचा बोल्ट सोडवून बघा, मगच रिकामा करायचा. रिकामा केल्यावर भरायचा बोल्ट निघाला नाही तर गाडी टेम्पोतच जाईल. पातळी बघताना गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. ऑडीच्या सहा गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दर ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतं, पण तिथली पातळी ठरावीक तापमानालाच बघतात, म्हणून ते काम गॅरेजकडे द्या.

७. छपराचे निचरे आणि रबरं

उघडणाऱ्या छपराच्या गाड्या पावसात वाहत्या रस्त्यानं बिघडत नाहीत, तुंबलेल्या भोकांनी बिघडतात. छपराच्या दोन्ही बाजूंना पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. कडुनिंबाची पानं आणि धूळ त्यांत बसली की पाणी आत उतरतं. पहिल्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा (खऱ्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) डबा सीटखाली आहे, आणि पहिल्या झेड४ मध्ये छपराची मोटर अगदी त्या निचऱ्याच्या जागी. तुंबलेलं पाणी थेट तिथेच पोचतं.

हे काम जूनच्या पहिल्या आठवड्याआधी करा. मगभर पाणी हळू ओता आणि गाडीखालून कुठे येतं ते बघा. येत नसेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉन दोरी हलक्या हातानं घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतली नळी जोडातून सुटते, आणि मग पाणी कायमचं गालिच्याखाली जातं.

दारांच्या रबरांना सिलिकोन ग्रीस लावा. बॉनेटखाली प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहा, भेग दिसली की बदला. पेट्रोलच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याला टिकेलच असं नाही. नवी नळी इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल चालणारी असल्याचं तिच्यावर छापलेलं हवं. इंजिन गार असताना, दाब उतरवून, उघड्या जागेत आणि अग्निशामक शेजारी ठेवूनच हात घाला.

८. बॅटरी आणि वीज

निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. बॅटरी डिकीत असेल तर काढण्याआधी डिकीची यांत्रिक चावी चालते का ते बघा, नाहीतर डिकी बंद झाली की उघडायला वीजच नसेल.

आठवडाभर उभी राहिल्यावर गाडी सुरू होत नसेल तर नवी बॅटरी आणायच्या आधी विजेची गळती, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून किती करंट ओढते ते, मोजा. दार उघडं ठेवून त्याची कडी पेचकसानं बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. चावी लांब ठेवा. निगेटिव्ह टोक आणि बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे झोपायला तेवढा वेळ घेतात. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडतो तिथे दोष आहे. मीटर लावलेलं असताना गाडी सुरू करू नका, मीटर जळतं.

पिवळ्या वेष्टनातले कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. टायमिंग बेल्ट, स्प्रिंगा आणि एसीचा गॅस हीसुद्धा घरची कामं नव्हेत. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपासकट करून घ्या. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

९. पहिली लांब फेरी

सगळं झाल्यावर पहाटे हालोल रस्त्यानं पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन या. जाताना स्टिरिओ बंद ठेवा. हालोलला थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न लावता तळवा धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर तिथला ब्रेक अडकतोय. गाडीखाली पुठ्ठा सरकवून चहा पिऊन या आणि पुठ्ठ्यावर काय गळलंय ते बघा. एसीचं स्वच्छ पाणी ठीक आहे.

घरी आल्यावर गाडी गार झाली की चाकांचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा, ऑइल आणि कूलंटची पातळी बघा, स्कॅनर लावून पहिल्या दिवशीचे कोड आणि आजचे कोड शेजारी शेजारी लिहा.